दवाखान्यातली म्हातारी

लातूरच्या दवाखान्यात माझ्या लेकाचं ऑपरेशन चालू होतं. बाहेर बाकावर बसून मी अल्लाचं नाव घेत होते, पण रडण्यानं आवाजच फुटेना. शेजारी कपाळाला विभूती लावलेली एक म्हातारी बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला, दुसऱ्या हातानं गळ्यातलं शिवाचं लिंग धरलं आणि स्वतःच "अल्ला, अल्ला" म्हणू लागली.

समोरचा माणूस म्हणाला, "आज्जी, ते त्यांच्या देवाचं नाव हाय."

"लेकरू हिचं हाय, बाबा. हिच्या तोंडी जे नाव हाय, त्याच नावानं मागते मी."

लेक सुखरूप बाहेर आला. त्या आनंदात मी म्हातारीला विचारलंच नाही, तिचं कोण आत होतं ते.

नमाजनंतर दुवा मागताना आता मी, म्हातारीचं जे कोणी आत होतं, त्याच्यासाठीही मागते.