बाबांच्या बांधीतले चितळ

लोक जिप्सीत बसतात ते वाघ बघायला. मी माझ्या म्हाताऱ्या बाबांना घेऊन बसले ते त्यांचं शेत बघायला.

आमचं गाव जंगलाच्या पोटात होतं. ते बाहेर हलवायचं ठरलं तेव्हा सगळे अडून बसले होते. आधी बाबांनी होकार दिला, मग एकेक करत गाव उठलं. आई तेव्हा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. नव्या वसाहतीत आली आणि वर्षभरात गेली. तेव्हापासून बाबा माझ्याकडे, घुग्घुसला. कोळशाच्या धुळीबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. फक्त मधूनच विचारायचे, "तुह्या मायच्या मनात राग होता का वो माह्यावर?" मी म्हणायचे, "नव्हता हो बाबा." पण मला तरी कुठे माहीत होतं? आणि तोंडदेखलं बोलणं त्यांना लगेच कळायचं.

आमच्यासोबत नागपूरचं एक जोडपं होतं. नवऱ्याच्या गळ्यात हातभर लांब कॅमेरा. फाटकावर गाईडनं बजावलं, खाली उतरायचं नाही, आवाज करायचा नाही. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

गावाच्या जागी एक चिंच आणि गंजलेला हातपंप, बस्स. घरं होती तिथं रानतुळस माजलेली. माणसं गेल्यावर गाव इतक्या लवकर पुसलं जावं, याचा मला रागच आला. पुढे शेतं लागली. कमरेएवढं गवत वाढलं होतं, पण धानाच्या बांध्यांचे, बांध घातलेल्या त्या तुकड्यांचे, उंचवटे खालून अजून कळत होते. बाबा बोटानं दाखवू लागले, "हे वरची. थे खालची, नाल्याजवळची." वरच्या बांधीत चितळांचा मोठा कळप चरत होता. कॅमेरा वर झाला. मीही श्वास रोखला.

आणि बाबा ताडकन उभे राहिले.

"होऽऽऽ! हाऽऽड! डब्बा वाजव वो! वरच्या बांधीत घुसले!"

क्षणात सगळा कळप गवतात गडप.

"अरे बाबाजी, ये क्या किया?" कॅमेरावाला ओरडला. "आपका खेत है क्या?"

माझी जीभ आधीच तिखट. "त्यांचंच होतं!" मी म्हटलं. "त्यांनी सोडलं म्हणून तुम्हाला इथं चितळ दिसतात!" त्याच्या बायकोनं त्याची बाही ओढली. बाबा ओशाळून खाली बसले होते.

धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, की आई-बाबा दोन मचाणांवर राखणीला बसायचे. वरच्या बांधीला बाबा, खालच्या बांधीला आई. बाबा ओरडायचे आणि आई डालड्याचा डब्बा बडवायची. लग्न झाल्यापासून दर हंगामाला हेच. आई नाही, हे त्या एका हाळीपुरतं ते विसरले होते. मी त्यांचा हात धरला. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

गाईड शेजारच्या गावचा, समजूतदार माणूस. त्यानं गाडी बंद करायला लावली. "थांबा जरा. येतेत वापस. आता इथी त्यायले कोणी हाकलत नाई."

बराच वेळ गेला. मग नाल्याकडून एक मादी आली, मागे पिल्लू. खालच्या बांधीतल्या विरळ गवतात शिरली, मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि निवांत चरू लागली. तिच्यामागून दुसरी आली, तिच्याही पायाशी पिल्लू. बाबा टक लावून बघत होते. मग माझ्या कानाशी वाकले. आता त्यांना गाईडचा नियम आठवत होता.

"पिल्लावाल्या खालच्याच बांधीत येत," ते कुजबुजले. "तितला धान दरसाल खाल्लेला राहे. मी तुह्या मायले बोलो, झोपली होती काऊन म्हणून. ते बिचारी मुकाट आयकून घे. कधी उलटून बोलली नाई."

पिल्लू आईच्या पोटाखाली शिरून दूध प्यायला लागलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"झोपत नोती वो ते," ते म्हणाले. "खाऊ देत होती."