शिरोळकर बाईंचं एकोणीसशे तीस

शिरोळकर बाईंना कुठलंही साल सांगितलं की त्या ते १९३० पासून मोजायच्या. आम्ही परदेशातल्या या ट्रुगानिना उपनगरात नव्या घरात राहायला आलो त्याच आठवड्यात दोन घरं पलीकडच्या या बाई थालीपिठांचा डबा घेऊन आल्या. पहिलाच प्रश्न, "जन्म कधीचा रे तुझा?" मी एक्क्याऐंशी सांगितलं. "म्हणजे तीसनंतर एक्कावन्न वर्षांनी," त्या म्हणाल्या आणि चहाला बसल्या.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला होता. नवरा गेल्यावर मुलगा मंदार त्यांना इकडे घेऊन आला. इथे शिकवायला वर्ग नव्हता, म्हणून त्या आम्हाला शिकवायच्या. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काही सांगू लागला की चष्मा खाली ओढून विचारायच्या, "कुणी पाहिलं? कुठे लिहिलंय? इतिहासात 'म्हणे' चालत नाही."

१९३० हे त्यांच्या घरचं साल होतं. दांडीला मीठ उचललं गेलं आणि त्यांच्या गावाकडे, समुद्रापासून लांब, लोक कायदा मोडून सरकारी रानात गवत कापायला गेले. त्यात एकोणीस वर्षांचे त्यांचे वडील, अण्णा, होते. "अण्णांनी विळा उगारला, फौजदाराने दंडुका उगारला," असं त्या सांगायच्या तेव्हा त्यांचा हात खरोखर वर जायचा. "सहा महिने सक्तमजुरी. एक दिवस कमी नाही."

चार वर्षांपूर्वी इथल्या आमच्या मराठी मंडळाने पंधरा ऑगस्टला बाईंचं भाषण ठेवलं. स्लाइड्स माझ्याकडे होत्या. अण्णांचं नाव असलेला एखादा कागद मिळाला तर बाईंना सरप्राइज देता येईल, असं माझ्या मनात आलं. एका सरकारी दप्तराच्या वेबसाइटवर जुन्या तुरुंगांच्या नोंदवह्या स्कॅन करून ठेवलेल्या होत्या. तीन रविवार शोधल्यावर नाव सापडलं. गाव, वय, सहा महिने शिक्षा, सगळं जुळत होतं. शेवटच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं, की पुन्हा चळवळीत भाग घेणार नाही असं लिहून दिल्याने एकोणिसाव्या दिवशी सुटका. खाली अण्णांची सही.

मी मंदारला फोन केला. नोंद ऐकून तो म्हणाला, "डिलीट कर यार. ऐंशीच्या पुढे आहे ती. आता कशाला?"

मला ते पटलं. पण संध्याकाळी बाई स्लाइड्स बघायला आल्या आणि मी नको तितक्या घाईने लॅपटॉप मिटला.

"काहीतरी सापडलंय तुला," त्या म्हणाल्या. "दाखव."

"बाई, राहू दे ना. स्कॅन नीट नाहीये."

"मी मोडी वाचलेली बाई आहे. दाखव."

त्यांनी ती नोंद दोनदा वाचली. मग सही मोठी करायला सांगितली. "सहीतली वेलांटी अण्णा अशीच मागे ओढायचे, माझ्या प्रगतिपुस्तकावर अशीच असायची," एवढंच त्या बोलल्या. त्यांचा चहा तसाच राहिला. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "ही स्लाइड काढू नकोस."

इथला ऑगस्ट म्हणजे हिवाळा; कम्युनिटी हॉलमध्ये गारठा होता, माणसं जॅकेटं घालूनच बसली होती. बाई नेहमीसारख्या रानापर्यंत आल्या, विळ्यापर्यंत आल्या. मग मला खूण केली. पडद्यावर नोंदवहीचं पान आलं.

"आयुष्यभर मी शेकडो मुलांना सांगितलं, माझ्या वडिलांनी सहा महिने भोगले," त्या म्हणाल्या. "ते खोटं होतं. मला ठाऊक नव्हतं, पण मी कधी तपासलंही नाही. ते एकोणीस दिवसांनी तसं लिहून देऊन घरी आले."

मंदार मान खाली घालून बसला होता. मागून कोणीतरी सांत्वनाच्या सुरात म्हणालं, "आजी, घरी काहीतरी अडचण असेल हो."

"असेल. पण इथे लिहिलेलं नाही, आणि मी ते पदरचं घालणार नाही." बाईंनी चष्मा खाली ओढला. "एकोणीस वर्षांचं पोर विळा घेऊन फौजदारासमोर गेलं, हे खरं. ते घाबरलं असेल किंवा नसेल, पण त्याने सही केली, हेही खरं. त्या वर्षी देशात अशीच माणसं होती. त्यांच्याच जोरावर ते वर्ष उभं राहिलं."

कार्यक्रम संपल्यावर नागपूरकडचे एक निवृत्त डॉक्टर बाईंजवळ आले. माणूस एरवी कमी बोलणारा. "माझ्या आजोबांनीही सही केली होती," ते म्हणाले. "आमच्या घरात त्यांचं नाव घेत नाहीत." बाईंनी त्यांना शेजारी बसवलं आणि आजोबांचं नाव विचारलं. डॉक्टरांनी ते मोठ्याने सांगितलं. मला त्या क्षणी बाईंचा जो अभिमान वाटला, तो सहा महिन्यांच्या गोष्टीने कधी वाटला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. आवराआवर करायला मंदारने मला बोलावलं. त्यांच्या पलंगाशेजारी अण्णांचा फोटो होता, आणि खाली बाईंच्याच अक्षरात लिहून चिकटवलेली जुनी पट्टी: 'जंगल सत्याग्रह, १९३०. सहा महिने सक्तमजुरी.' 'सहा महिने'वर लाल पेनाची एक सरळ रेघ मारली होती. वर लिहिलं होतं, 'एकोणीस दिवस', आणि शेजारी, शाळेत वही तपासल्यावर करायच्या तशी, बाईंची छोटी सही.

मंदारने फोटो पुसला आणि आपल्या हॉलमध्ये, दारातून आत येताच दिसेल अशा जागी लावला.