बोटीवरच्या चाळीस निळ्या साड्या

कसं सांगू तुम्हाला! आख्ख्या बेंगळूरच्या टोप्या उडवणारा मी, आणि माझीच टोपी अशी उडाली की अजून सापडली नाही. हसा, पण शेवटपर्यंत ऐकून मग हसा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळूरच्या पीण्या भागात माझं मोटर-पंपांचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पण पंप विकायला भूगोल कशाला लागतो? त्या वर्षी इतके पंप खपवले की कंपनीनं बक्षीस दिलं. सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीवर तीन दिवस, बायकोसकट! बोट म्हणजे हलसूरच्या तळ्यातली समजू नका. सात मजली हॉटेल, पाण्यात सोडलेलं.

कंपनीची हौस बघा. चाळीस डीलर, चाळीस बायका. मोठ्या पार्टीसाठी सगळ्या पुरुषांना एकच मरून रंगाची सफारी आणि सगळ्या बायकांना एकच निळी म्हैसूर सिल्क! डेकवर उभे राहिलो तर गोरे लोक आम्हाला बँडवाले समजले.

आणि फोटोवाले तर विचारू नका. चढताना फोटो, जेवताना फोटो, शिंकलात तरी फोटो. पैसे तेव्हा मागायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे धुऊन एका लांब भिंतीवर लावायचे. मग या, बघा, झुरा आणि डॉलर काढा!

आता आमच्या हिला आयुष्यभर एकच हौस. आमच्या दोघांचा एक धड फोटो. नव्हता हो! लग्नात फोटोवाल्यानं बोट वर केलं की मी डोळे तिरळे करायचो. आख्खा अल्बम तिरळा. तीस वर्षं ही काही बोलली नाही. पार्टीच्या जिन्यावर कॅमेरा दिसला तशी माझा दंड धरून म्हणाली,

“अहो, एकदा. फक्त एकदा माणसासारखे उभे राहा.”

राहिलो! आईशप्पथ, राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपाशी गेलो आणि मी हललोच. वरच्या रांगेत आमची ही. हसत होती. तोंडावर पदर न घेता, दात दिसू देत, मान जराशी माझ्याकडे कललेली. ही बाई माझ्या घरात राहते? आणि मी इतकी वर्षं पेपर वाचत बसलो?

“केवढ्याला?” तिनं हळूच विचारलं.

मी सांगितलं.

“अय्यो! एवढ्यात दोन कुकर येतील की. चला.”

“सरी, बरं, चला,” मी मुद्दाम म्हटलं. “एवढ्यात मल्लेश्वरमचा स्टुडिओवाला घरी येऊन आपल्या म्हशीचासुद्धा फोटो काढील.”

“आपल्याकडे म्हैस कुठं आहे?”

“घेऊ की, उरलेल्या पैशांत!”

चालली खरी, पण दाराशी पोचेपर्यंत तीनदा मागं वळली. मी मोजलं.

मनात म्हटलं, थांब, हिला घरी नेऊन चकित करतो. ती आडवी झाली तसा मी पाय न वाजवता निघालो. माझा चष्मा तिच्या उशाशी होता. घ्यायला वाकलो असतो तर जागी झाली असती, म्हणून राहू दिला.

भिंतीपाशी जाऊन बघतो तर फोटो सगळे खालीवर झालेले. लोक काढत होते, बघत होते, सापडेल तिथं लावत होते.

“नंबर, सर?” काउंटरवरच्या पोरीनं विचारलं.

“नंबर कशाला? ब्लू सारी, मरून सूट!”

“सर, ऑल ब्लू. ऑल मरून.”

मी भिंतीला नाक लावलं. पोट सुटलेला मिशीवाला, शेजारी हसरी बाई. सापडली!

“शुअर, सर? उरलेले आम्ही उद्या सकाळी फाडून टाकतो.”

माझं इंग्रजी तिथं संपलं. मराठीतच म्हटलं, “अगं अक्का, तीस वर्षांची बायको आहे. डोळे बांधून ओळखीन!”

लिफाफा मिळाला, सोनेरी फीत लावलेला. मी पठ्ठ्यानं घरापर्यंत उघडला नाही. उलट विमानात हिला टोचत राहिलो. “तो फोटो घ्यायला हवा होता, नाही?” ती “राहू द्या हो” म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. मला आतून गुदगुल्या!

येलहंक्याच्या घरी पोचल्यावर पाहुणे जमवले, शेजारच्या गौरम्मांना हाक मारली आणि सगळ्यांसमोर लिफाफा हिच्या हातात दिला. तिनं फीत जपून सोडली, घडी करून बाजूला ठेवली. फोटो बाहेर आला.

गौरम्मा वाकून बघत म्हणाल्या, “यारू इवरू?” म्हणजे, कोण हे?

“ह्या बोटीवरच्या, हुबळीच्या देसाईबाई,” आमची ही म्हणाली. “आणि शेजारी देसाई.”

सगळे हसत सुटले! हीसुद्धा हसली. मग कॉफीचे पेले उचलून आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ धूत राहिली. पेले चारच होते हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीडी बूथ गाठला. म्हटलं, त्यांचा आमच्याकडे आला म्हणजे आमचा त्यांच्याकडे गेला असणार! लाइन खरखरत होती. मी ओरडलो, “देसाई, तुमची बायको माझ्याकडे आहे!”

बूथवाल्यानं मान वळवली. मागची रांग पुढं सरकली.

“काय बोलायलाय ओ तुम्ही? ती इथं भाकऱ्या थापायलीय!”

“अहो, फोटोत, फोटोत! आणि माझी बायको तुमच्याकडे आहे का?”

रांगेतल्या एकानं मला बसायला स्टूल दिलं.

देसायांना उलगडा झाला. “अरे देवा! संध्याकाळभर आम्ही आमचा शोधला की ओ. तुमचा होता तिथंच. आमची मंडळी म्हणाली, किती गोड हसलीय ही बाई. हातात घेऊन बघितला आणि परत लावला.”

परत लावला! म्हणजे आमचा भिंतीवरच राहिला. दुसऱ्या सकाळी बोटवाल्यांनी फाडला असणार.

देसायांचा फोटो देसायांना पाठवला. मग एका रविवारी हिला तीच साडी नेसायला लावली, मी तीच सफारी चढवली आणि मल्लेश्वरमच्या स्टुडिओत गेलो. मागं पडद्यावर रंगवलेला जिनासुद्धा होता.

“अम्मा, स्वल्प नगी,” स्टुडिओवाला म्हणाला. जरा हसा.

नाही हसली. मी गौरम्मांची नक्कल केली, कोंबड्यासारखा आरवलो. हिचा चेहरा रेशनकार्डावरचा! मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. आत्ता हसेल. आत्ता तसं हसेल. आणि त्यानं खटका दाबला.

तोच फोटो आज हॉलमध्ये आहे. ती समोर बघतेय, ताठ. मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “अक्का, अण्णा असे काय हो बघताहेत तुमच्याकडे?”

ही कॉफी पुढं करत सांगते, “काही नाही हो. आपलीच बायको आहे ना, खात्री करून घेताहेत.”