सहकुटुंब नदीवर

आमच्या ह्यांना कळंबात सगळे इंजिनियर साहेब म्हणतात. इंजिनियर कसले हो, ड्राफ्ट्समन आहेत, घरांचे नकाशे काढतात. गावातल्या अर्ध्या घरांचे नकाशे ह्यांच्या हातचे, आणि एकही घर नकाशासारखं नाही. ह्यांनी खिडकी काढली की मालक तिथे देवघर बसवतो. ह्यांनी अंगण सोडलं की तिथे किराणा दुकान निघतं. संध्याकाळी घरी येऊन हे नुसतं "हूं" करतात. मी म्हणते, अहो, भांडा ना जरा! नाव श्रीकृष्ण, पण बासरी तर सोडाच, साधं भांडणसुद्धा जमत नाही ह्या माणसाला.

मागे आम्ही गौरीकडे, म्हणजे आमच्या पोरीकडे, अहमदाबादला गेलो होतो. ऑफिसला जाताना ती ह्यांना नदीकाठच्या पायऱ्यांवर सोडायची आणि संध्याकाळी परत न्यायची, पाळणाघरात ठेवल्यासारखं. हे दिवसभर तिथे बसून माणसं पाहायचे. "रजनी, कोणी तिकीट मागत नाही, कोणी ऊठ म्हणत नाही. भेळवाल्याच्या बाजूला मोटारवाला बसून राहिला!" परत आले ते डोक्यात नदी घेऊनच.

कळंबात नदीकाठी जागा होती धनसिंगभाऊंची. धनसिंगभाऊ म्हणजे गावातले बिल्डर, आधी गिट्टीचा धंदा करायचे, त्यामुळे आवाज अजून खदानीतला. ह्यांनी त्या जागेवर सात मजली इमारत काढली, आणि इमारत न् पाण्याच्या मध्ये लांबरुंद पायऱ्या, दोन कडुनिंब, बसायला ओटा. सगळ्या गावासाठी. फाटक नाही, चौकीदार नाही.

"साहेब, आपल्या नदीले पाणी चार महिने," धनसिंगभाऊ म्हणाले. "बाकी आठ महिने लोक काय गोटे पाहतीन?"

"एकमेकांना पाहतील," हे म्हणाले.

धनसिंगभाऊंनी डोकं खाजवलं. शेवटी ठरलं असं की दसऱ्यापर्यंत अर्धे फ्लॅट बुक झाले तर पायऱ्या राहतील, नाही तर तिथे पार्किंग आणि दुकानांचे गाळे. नमुना म्हणून चार पायऱ्या तेवढ्या आधी बांधून दिल्या त्यांनी.

जन्मभर लोकांनी ह्यांचे नकाशे फिरवले, तेव्हा ह्यांची झोप उडाली नाही. ह्या पायऱ्यांपायी मात्र ताटातली पोळी तशीच राहायला लागली. मला फार वाईट वाटायचं. एवढं एक तरी ह्यांच्या मनासारखं होऊ दे रे चिंतामणी, असं मी रोज म्हणत होते.

आणि इथेच ह्यांनी घोळ घातला. जाहिरात स्वतः लिहिली! मला एका शब्दानं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? मी भाजीला गेले, तर बस स्टँडसमोर हा मोठा फलक. वर इमारतीचं नाव, "विसावा". खाली, "आता सहकुटुंब नदीवर चला! एकदा आलात की परत जावंसं वाटणार नाही." पिशवीतली वांगी रस्त्यावर सांडली माझी.

"अहो!" घरी येऊन मी ओरडले. "आपलं स्मशान कुठे आहे?"

"नदीवर."

"मेलेल्या माणसाला कुठे नेतात?"

"नदीवर."

"आणि नेताना खांदा बदलायला तिरडी मध्ये खाली टेकवतात, त्या जागेला काय म्हणतात?"

हे हळूच म्हणाले, "विसावा. पण त्याचा दुसराही अर्थ आहे ना."

"दुसरा अर्थ शब्दकोशात! कळंबात हाच!"

मग काय विचारता. पोरं फलकासमोर डोळे मिटून आडवी पडून फोटो काढायला लागली. फ्लॅटची चौकशी करायला एक माणूस फिरकेना. धनसिंगभाऊ तणतणत घरी आले. "साहेब, तुम्ही फ्लॅट विकायले काढले का लाकडं?" फलक बदलू म्हटलं तर म्हणाले, आता एकदम पार्किंगचाच लावू.

ह्या सगळ्यात खूश झाले एकटे सदाशिवराव काकाजी. आमचे शेजारी, तहसीलमधून रिटायर झालेले, ऐंशीच्या घरातले. विजयमालाकाकू गेल्यापासून एकटेच. मुलगा नयन पुण्याला. काकूंना नदीवर नेलं तेव्हा आला होता, त्यानंतर नुसते फोन. काकाजी घराबाहेर पडेनासे झाले होते. पण फलकाची गोष्ट कानावर गेली आणि हसत हसत काठी टेकत आमच्या दारात.

"श्रीकृष्णा, तू म्हणे सगळ्यायले नदीवर नेऊन राह्यला. मग मलेच काहून मांगं ठेवतं? ने ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवसापासून दोघं डबा घेऊन निघायचे ते दिवस मावळता परत. त्या चार पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायचे. दोघांचेही मोबाइल घरी. माझ्या जिवाला घोर, कारण दसरा जवळ येत होता आणि ह्यांना तो त्या पायऱ्यांवर बसल्यावर आठवतच नव्हता.

एक दिवस काकाजींच्या घरात फोन वाजला. इंदूबाई आमच्या दोघांकडे भांडी घासते, तिनं उचलला. मी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत ऐकत होते.

"काकाजी? ते त नदीवर गेले जी... हो, सकाळीच नेलं आमच्या साहेबायनं... नाही जी, बिमार कायले, चांगले चहा पिऊन गेले... हॅलो? हॅलो?" मग मला म्हणाली, "नयनदादा होते. फोन कटला वाटते." आणि राख घेऊन कढई घासायला बसली.

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मी नयनला फोन लावते तर आधी एंगेज, मग बंद. बंदच. दुपारभर मी लावत बसले. चार वाजता सरळ चपला घातल्या आणि नदीवर निघाले.

मी पोचायला आणि नागपूरच्या विमानतळावरून आलेली टॅक्सी थांबायला एकच गाठ पडली. घराकडे न जाता नयन थेट स्मशानाच्या रस्त्याला लागला होता, आणि ह्यांच्या पायऱ्या त्याच वाटेवर. मागे जवळच्या नेर गावाहून त्याच्या चुलतभावाची जीप, आणि तो बिचारा हातात कोरं मडकं घेऊन उतरला. आणि समोर पायऱ्यांवर काकाजी, मांडीवर शेंगदाण्याची पुडी.

काकाजींनी मडक्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. "इतक्या घाईनं कायले आला, बाप्पा?" ते म्हणाले. "मी त अजून विसाव्यालेच हाय."

नयन मटकन पायरीवर बसला आणि बापाच्या मांडीत डोकं घालून ढसाढसा रडला. आई गेली तेव्हासुद्धा एवढा रडला नव्हता. काकाजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि दुसऱ्या हातानं चुलतभावाला शेंगदाणे देत होते. माझ्याही डोळ्यांना धार लागली. मडकं तिथेच राहिलं, धनसिंगभाऊंनी त्यात पिण्याचं पाणी भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नयननं पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. गावात ही बातमी पसरायला कितीसा वेळ! सगळ्या म्हाताऱ्यांना गुरुकिल्लीच सापडली. जो तो मोबाइल घरी ठेवून, "विचारलं तर नदीवर गेले म्हणजो" असं सांगून निघायला लागला. पोरंसोरं पुण्या-मुंबईहून धावत यायची, आधी चिडायची, मग आईबापाजवळ पायरीवर बसायची, आणि उठताना विचारायची, कोणता मजला बाकी आहे? दसऱ्याच्या आधीच अर्ध्याहून जास्त फ्लॅट गेले. आता धनसिंगभाऊ फलकाला कोणाला हात लावू देत नाहीत.

पायऱ्या नकाशात होत्या तशाच झाल्या, ना खिडकीचं देवघर, ना अंगणाचं दुकान. हे त्यांच्यावरून हात फिरवून आले आणि जेवायला बसले. चार पोळ्या खाल्ल्या.

दिवाळीला सुट्टी नाही, असं गौरीनं मागेच सांगून टाकलं होतं. मागच्या दिवाळीलाही नव्हती. काल तिचा फोन आला. "आई, बाबा कुठे गं? कधीची फोन करून राहिली मी, उचलतच नाहीत."

मी म्हटलं, "नदीवर गेले." आणि फोन बंद करून पुरणाची डाळ शिजायला लावली.