इंजिन नसलेल्या आरएक्सचा आवाज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आले. शाळेत विज्ञान शिकवते मी! तरी लिहितेय... कारण घरात हा विषय काढायची सोय नाही.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून पाच-सहा किलोमीटरवर. माझे वडील, अप्पा, फौजेत वर्कशॉपला होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी दोन मोटारसायकली जिवापाड सांभाळल्या — बुलेट आणि आरएक्स हंड्रेड. मला दोन्ही त्यांनीच शिकवल्या.

म्हणायचे, "बुलेट म्हंजी थोरली सून. दमानं घ्यायची, घर सोडायची न्हाई. आरएक्स लय अवखळ... जरा कान पिळला की उधळली!"

आरएक्सचा सायलेन्सर त्यांनी स्वतः आतून कापला होता. रेस सोडली की ती शेवटी दोनदा खोकायची. तो खोकला मी हजार गाड्यांत ओळखेन.

दोन वर्षांपूर्वी अप्पांना विसर पडू लागला. एकदा आरएक्सवर निघाले ते थेट जतच्या पुढे सापडले. मग मीच मेकॅनिक बोलावून तिचं इंजिन उतरवलं, पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. त्या दिवसापासून अप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी पहाटेच अप्पा घरातून गेले. अनवाणी. दुपारचे दोन वाजले तरी पत्ता नाही. गावातली माणसं विहिरींत डोकावत फिरत होती... मी बुलेटवर दहिवडी, स्टँड, दवाखाने पालथे घातले. शेवटी माळावर, रस्ता संपतो तिथं गाडी बंद केली आणि तापलेल्या टाकीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. आरएक्स ठेवली असती तर कुणीतरी आवाज तरी ऐकला असता — एवढंच डोक्यात.

तेवढ्यात लांब कुठंतरी रेस वाढली. सुटली... आणि दोनदा खोकला.

बुलेट तिथंच सोडून मी आवाजाच्या दिशेनं धावत सुटले. ओढ्याच्या काठावर पोचले आणि आवाज थांबला. गाडी कुठंच नाही. खाली कोरड्या ओढ्यात, बाभळीच्या मुळाशी अप्पा पडलेले. पाय मोडलेला, ओठ फुटलेले.

"अप्पा! आवं अप्पा!"

"आदी गाडी बंद कर," ते पुटपुटले. "सकाळधरनं वर चालू ठिवलीयास... पेट्रोल जातंय न्हवं?"

"बुलेट बंदच हाय, अप्पा."

"बुलेट कुटली गं? आरएक्स!"

अप्पा वाचले. त्यांना दवाखान्यात ठेवून घरी आले ती आधी माळ्यावर चढले. पोतं तसंच बांधलेलं, वर बोटभर धूळ. दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडच्या मेंढक्याला विचारलं.

"दिसली न्हाई कंची गाडी," तो म्हणाला, "पर आवाज व्हता. सकाळपास्नं मेंढरं बिथरत हुती माजी."

आसपासच्या वस्त्यांवर चौकशी केली. तसली गाडी कुणाकडेच नाही. कारण मला आजही सापडलेलं नाही. राहता राहिले अप्पा. परवा त्यांच्या उशाशी बसून धीर करून विचारलं, "अप्पा, त्या दिवशी गाडीवर कोण व्हतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी कुणाच्या?"