रिसीव्हर उचला, मंजुळाबाई बोलतील

आमच्या कचेरीचं नाव सांगत नाही, नोकरी अजून शिल्लक आहे. हिंगोलीत आहे, एवढं पुरे. चार टेबलं, चार माणसं आणि मधोमध एकच फोन. मागच्या दिवाळीत जुना फोन गेला, नवा आला. बसवायला आलेला मेकॅनिक मोठा हौशी. म्हणाला, यात आपोआप नंबर लागायची सोय आहे. रिसीव्हर उचलून पाच सेकंद काही दाबलं नाही, की ठरवून दिलेला नंबर हा स्वतःच लावतो. चाचणीसाठी त्याने पाठ असलेला एखादा नंबर विचारला. आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. आजकाल बायकोचा तरी नंबर कुणाला पाठ असतो? विश्वंभरला मात्र एक पाठ होता, हट्टा गावी एकट्या राहणाऱ्या त्याच्या आईचा, मंजुळाबाईंचा. तो त्याने सांगितला. चाचणी झाली, मेकॅनिक चहा पिऊन गेला आणि नंबर तसाच आत राहिला.

आता आमच्याकडे पाच सेकंदांत होतं काय? रिसीव्हर उचलला की आधी रुमालाने पुसायचा, मग मानेत धरायचा, मग टेबलाच्या काचेखालची यादी चहाच्या डागांतून वाचायची. तोवर तिकडे हट्ट्याला घंटी वाजलेली असे.

"कोन बोलून राहिलं?"

"मी... साहेब."

"जेवले का, सायेब?"

पहिल्या दिवशी साहेब जाम चिडले. आठवड्याभरात डब्यात दोडका होता की वांगं, हे ते आपणहून सांगू लागले. पुनम मॅडमच्या लेकराच्या खोकल्यावर काढा तिकडूनच आला. मी चहातली साखर सोडली ती मंजुळाबाईंच्या धाकाने. घरचे दहा वर्षं सांगून थकले होते. बाई नुसत्या श्वासावरून माणूस ओळखत. "पुनम, आज नाक काहून वाजून राहिलं?"

तक्रार केली नाही असं नाही. पण नियम असा, की तक्रार बिघडलेल्या फोनवरूनच करायची. साहेबांनी तीनदा केली. तिन्ही वेळा मंजुळाबाईंनी शांतपणे ऐकून घेतली आणि "बराबर हाय तुमचं" म्हणाल्या. फाइलीत 'तक्रार नोंदवली' असा शेरा पडला.

एकटा विश्वंभर त्या फोनला हात लावत नसे. काम पडलं तर मोबाइल घेऊन व्हरांड्यात जाई. मला त्याचा मनापासून राग यायचा. कारण बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "घंटी वाजली की हातातलं टाकून पळते मी. वाटतं, आमचं पोरगं असंल. मंग तुमी निघता." त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही.

"देऊ का त्याला?"

"नगं. त्याला काम असंल."

मी विश्वंभरला हे सांगितलं, तर म्हणाला, "दिवाळीला जाऊन राहिलो ना!"

गेल्या सोमवारी तोच मेकॅनिक तपासणीला आला. दोन बटणं दाबून त्याने आतला नंबर पुसून टाकला. मग स्पीकर चालू केला आणि म्हणाला, "पाठ असलेला कुठलाही नंबर सांगा, लावून बघू."

साहेब, पुनम मॅडम आणि मी, तिघांनी एका सुरात दहाही आकडे म्हटले, शाळेत पाढे म्हणतात तसे. विश्वंभर खाली मान घालून उभा होता. घंटी वाजू लागली तसं मी त्याला फोनसमोर ढकललं.

"कोन बोलून राहिलं?"

"आई, मी."

"मी कोन? आवाज वळखीचा न्हाई वाटत. हापिसात नवीन लागलास का?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"भेऊ नको बाबा," मंजुळाबाई म्हणाल्या, "चांगली मानसं हायेत तिथं. माझं पोरगंबी तिथंच हाय. जेवलास का?"