बिनपिल्लांचा तेन्चो

क्रिसोफोरो त्सानावाची पोर बाप्तिस्म्याला मी हातात धरली, म्हणून मी त्याची कोमाद्रे आणि तो माझा कोंपाद्रे. आमच्या डोंगरात हे नातं सख्ख्या भावापेक्षा वरचं. म्हणून त्याची गोष्ट मीच सांगणार, दुसऱ्या कुणी तोंड उघडू नये.

तरुणपणी तो कॉफीच्या मळ्यात तेन्चो खरवडायचा. सावलीच्या झाडांवर फांदोफांदी अननसाच्या शेंड्यासारखे बसलेले असतात, ते तेन्चो. ते झाडाचं रक्त पितात असं आम्ही सगळेच समजायचो. काठीला आकडा बांधून तो दिवसाला चारशे पाडायचा. मग वरचं जंगल राखीव झालं, त्याला राखणदाराची नोकरी लागली, आणि शहरातून सोराइदा नावाची वनस्पतीवाली बाई आली. तिने त्याच्यासमोर एक तेन्चो उभा चिरून दाखवला. मुळांत झाडाचा रस थेंबभर नाही. ती नुसती सालीला धरून होती. पानांच्या बेचक्यात पावसाचं पाणी आणि त्यात एक इवलीशी बेडकी. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही.

मग माणूस वेडाच झाला म्हणा ना! आम्हाला सगळे तेन्चो सारखेच. त्याने पानाचा बुडखा चाचपून, मागची पांढरी भुकटी बघून एकोणीस जाती वेगळ्या काढल्या. वहीत एक पान कमी-जास्त लिहायचा नाही. मोजणीत शंका आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगर.

"कोंपाद्रे, पानं मोजून चूल पेटते का हो?" मी चिडवायची.

"तुम्ही नातवंडं मोजता, तेव्हा पेटते का?"

जिभेला हाड नव्हतं मेल्याच्या.

त्यातली एक जात त्याच्या जिवाची. बाकीचे तेन्चो बुडाशी पिल्लं देतात, हा देत नाही. बारा-पंधरा वर्षांत एकदाच लाल तुरा काढतो, बी पिकायला पुढचा उन्हाळा उजाडतो, बी उडालं की मरतो. सगळ्या रानात अशी अकराच उरली होती, आणि त्या हिवाळ्यात अकराही तुऱ्यावर आली. खाली रोपटं एकही नाही. बी पिकलं नाही तर जातच संपणार होती. हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

त्या वर्षी नाताळचा मान माझा होता. बाळ येशूची कमान तेन्चोच्या लाल तुऱ्यांनी सजवायची, ही आमची रीत. मी कोंपाद्रेला गळ घातली, "थोडे तरी द्या हो, गावात माझं हसं होईल." तो "बघतो" म्हणाला आणि तापाने अंथरुणाला खिळला. सोराइदा एकटीच वर गेली. कुणी हात लावू नये म्हणून तिने त्या अकरा झाडांना लाल फिती बांधल्या.

लाल फीत! आमच्याकडे टर्कीला बांधा, वासराला बांधा, लाल फीत म्हणजे ते बाळ येशूला वाहिलेलं. ते न पोचवणं पाप. शहरच्या बाईला कोण सांगणार? मी माणसं घेऊन रानात गेले, फिती दिसल्या आणि माझे डोळे भरून आले. म्हटलं, आजारपणातही कोंपाद्रेने माझी लाज राखली. स्वतःच्या हाताने कापले मी तुरे. अकराच्या अकरा.

नाताळला तो काठी टेकत देवळात आला. मी सगळ्यांसमोर ओरडले, "ही फुलं माझ्या कोंपाद्रेंनी दिली!" बायकांनी त्याचे हात हातात घेतले. त्याने कमानीकडे पाहिलं, टोपी काढली आणि मटकन गुडघ्यांवर बसला. मला वाटलं, ताप अजून उतरला नाही.

मला तो कधीच काही बोलला नाही. एका शब्दाने नाही. फक्त चिडवलं की उलट उत्तर देईनासा झाला. तिसऱ्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेला.

मातीला सोराइदा आली, त्याची वही घेऊन. मी म्हटलं, काहीतरी वाचून दाखव. ती वाचत गेली आणि एका ओळीशी थांबली. "पिल्लं न देणारा तेन्चो. अकरा. कडाक्याच्या थंडीने काळे पडले. बी नाही. ही जात या रानातून गेली."

"कसली थंडी?" मी म्हटलं. "त्या वर्षी मिरचीसुद्धा करपली नाही."

"त्याने लिहिलं, म्हणून मी पडताळलंच नाही," ती म्हणाली. "फिती तर मीच बांधल्या होत्या, कुणी तोडू नयेत म्हणून."

म्हणजे मी कापले ते हेच अकरा! एक पान खोटं न लिहिणारा माणूस! माझ्यासाठी लिहिलं त्याने ते. मी तिला म्हटलं, "खोड ती थंडी. माझं नाव लिही. देल्फिना, त्याची कोमाद्रे."

तिने नको नको म्हटलं. मी तिचा हात धरून लिहून घेतलं. त्यापुढचं "बी नाही" तेवढं तसंच राहिलं.